बांबू फुलला त्या सालचा

वय विचारलं की तो हनुवटी वर करायचा, डोळे मिटायचा आणि तोंड उजेडाकडे धरायचा. "तुमच्या नजरंला येल ता लिवा," म्हणायचा. न्हाव्यापुढे बसावं तसा निवांत उभा राहायचा.

मी तेव्हा जव्हार संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि तो आमचा पाणक्या. खालच्या विहिरीवरून कावडीने पाणी आणायचा. घर मोखाड्याच्या वर, सूर्यमाळेच्या एका पाड्यावर. आमच्या नोंदवहीत वयाचा रकाना होता आणि डोंगरातल्या माणसांना आपलं वय ठाऊक नसायचं. मग आम्ही दात, केस, कातडी पाहून आकडा ठोकून द्यायचो. तोही अशा थाटात, की जणू बाळंतपणाला आम्ही हजर होतो.

त्याचं वय मात्र मला पक्कं माहीत होतं. डोंगरातला बांबू फुलला त्या साली त्याचा जन्म. माझाही. फुललेला बांबू वाळून जातो, उंदीर माजून धान्य फस्त करतात, म्हणून ते साल आमच्या दोघांच्या आयांनी घाबरत घाबरतच काढलं होतं. आपण जुळे, असं मी त्याला चिडवायचो आणि तो लाजून हसायचा. तीन वर्षांत त्याच्या कावडीतलं पाणी सांडलेलं मी पाहिलं नाही.

एका दिवाळीनंतर तो हसेनासा झाला. घरात कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, ताप नव्हता. मी खोदून खोदून विचारलं.

"काय नाय झाला, दादा. सकाळचा उठू नये वाटतं," एवढंच म्हणाला.

तरी रोज उठायचा, पाणी भरायचा. अर्धी भाकरी कुत्र्याला घालायचा. मी त्याला शक्तीचं औषध दिलं, भूक लागायचं दिलं, कपाटात होतं नव्हतं ते सगळं दिलं. त्या दुखण्याची बाटली आमच्याकडे नव्हती.

आणि तो म्हातारा व्हायला लागला. थकला, वाळला असं मी म्हणत नाही. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हाच शब्द वापरला असता. दोन वर्षांत केस पांढरे झाले, दात हलू लागले, विहिरीच्या पायऱ्या चढताना हात गुडघ्यावर जाऊ लागला. पाणी वाटभर सांडायचं. आम्ही एकाच वयाचे, त्यामुळे मला त्याच्याकडे बघायची भीती वाटायची. खोटं कशाला सांगू, दुपारी मी त्याच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं.

त्यात नवे डॉक्टर आले. मी रजेवर असताना त्यांनी नोकरांची यादी केली. याने हनुवटी वर केली, नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि डॉक्टरांनी नजरेला आलं ते लिहिलं: पंचावन्न. एवढ्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर कावड नको, त्याला घरी पाठवा, असा हुकूमही दिला. भल्या मनाने दिला. मी परतल्यावर सांगितलं, की हा माझ्या वयाचा आहे, बत्तीसचा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुरावा मागितला. मी हट्टाला पेटलो होतो. पाणी भरायचं असतं म्हणून तर हा सकाळी उठत होता. काम गेलं की तो उठणारच नाही, याची मला खात्री होती.

पुरावा म्हणजे त्याची आई. निरोप धाडल्यावर तिसऱ्या दिवशी ती सूर्यमाळेहून चालत आली. ताठ, काळ्याभोर केसांची, डोक्यावर नाचणीचं गाठोडं.

"बायकोला नाही," डॉक्टर मला म्हणाले, "आईला बोलवा म्हटलं होतं."

मला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच विरलं. ही आईच आहे, मी सांगितलं.

ती आमच्याकडे बघतही नव्हती. वर्षभरात तो घरी गेला नव्हता. तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"माझ्या फुडं कवा गेलास रं?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी पंचावन्न खोडून बत्तीस लिहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी मी तो आकडा त्याला दाखवला.

"लिवला ता बरा झाला," तो म्हणाला. "पन आंगाला कोन सांगल, दादा?"

शिमग्याला तो घरी गेला तो परत आला नाही. पंधरवड्याने त्याची आई एकटीच आली, दवाखान्याने दिलेला सदरा परत करायला. सदरा धुऊन घडी घातलेला होता. काय झालं होतं, मी विचारलं.

"काय नाय झाला," ती म्हणाली. "म्हातारा होऊन गेला."

एवढं बोलून ती ताठ मानेने उतारावरून निघून गेली. मी मृत्यूच्या वहीत त्याचं खरं वय लिहिलं आणि कारणाचा रकाना मोकळा सोडला.

याला सहा वर्षं झाली. परवा सकाळी जाग आली आणि उठू नये असं वाटलं. घरात सगळं ठीक होतं, कुणी आजारी नव्हतं. मी बायकोकडे आरसा मागितला, खिडकी उघडली आणि हनुवटी वर केली.