सिंहासनाखालचं खोकं

पडदा वर जातो. दुपारची वेळ. तिसऱ्या मजल्यावरची खोली, वर तापलेली स्लॅब. डावीकडे खिडकी, तिला ओली चादर लावलेली. उजवीकडे पलंग, आणि पलंगावर उशांना टेकून बसलेली एक बाई. आडवं झालं की तिला श्वास पुरत नाही. भिंतीवर एसी आहे, पण तो बंद आहे. मागच्या बाल्कनीत त्याचं बाहेरचं युनिट उघडून ठेवलंय. मध्यभागी स्टुलावर एक म्हातारा हाताची घडी घालून बसलाय. रसिकहो, त्याच्याकडे नीट बघून घ्या. या माणसाने जन्मभर आम्हा नटमंडळींना गार ठेवलं.

आम्ही त्याला गारठा म्हणायचो. तो आमच्या नाट्यगृहाचा एसी मेकॅनिक. मी तेव्हा राण्या नि राजमाता करायचे. अंगावर जरीचा जड पोशाख, डोक्यावर केसांचा टोप आणि वरून भट्टीसारखे दिवे. मध्यंतरात विंगेतून ओरडायचे, "गारठ्या, मेले रे!" गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून उत्तर यायचं, "बाई, दुसऱ्या अंकापर्यंत जिवंत राहा, मग बघतो!" आणि खरंच, दुसरा अंक उघडेपर्यंत मानेवर गार झुळूक यायची. टाळ्या मला मिळायच्या. त्याच्यासाठी कधी कोणी वाजवल्या नाहीत.

पलंगावरची बाई म्हणजे त्याची बायको, माझी वहिनी. आमचे पोशाख तीच शिवायची. गारठा रंगपटात यायचा तो म्हणे पंखा बघायला. महिनाभर रोज तोच पंखा. शेवटी वहिनीच तोंडात टाचण्या धरून म्हणाली, "पंख्याशीच लग्न करायचंय का?" त्याने मान खाली घालून "नाही" म्हटलं, आणि जमलं.

आता त्याच्या कामाची एक रीत सांगते, कारण सगळं तिथेच अडलंय. मशीनला गळती लागली की तांब्याची नळी तापवून जोडावी लागते. आत गॅस असताना ते करता येत नाही, म्हणून उरलेला गॅस आधी काढायचा. काढायचा म्हणजे काय, वॉल्व्ह उघडून मोकळा सोडून द्यायचा. रंग नाही, वास नाही, साधा खोकलाही येत नाही. नुसता फुस्स असा लांब आवाज. कोणी विचारलंच तर गारठा म्हणायचा, "काही नाही, हवा आहे." त्याच्या उस्तादाने त्याला हेच शिकवलं होतं, आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाने.

मग एकदा वरून हुकूम आला आणि नाट्यगृहात एक मोठं खोकं येऊन पडलं. गॅस बाहेर न सोडता परत बाटलीत ओढून घेणारं मशीन. गारठा लहान मुलासारखा खूश. आमच्या मॅनेजरला आम्ही पाठीमागे कडक इस्त्री म्हणायचो. गारठा त्याच्याकडे गेला.

"साहेब, खोकं उघडू का?"

"त्याने किती वेळ लागतो?"

"तास-दीड तास."

"आणि तुझ्या पद्धतीने?"

"दहा मिनिटं."

"चारला प्रयोग आहे. तू सांगतोस का प्रेक्षकांना थांबायला?"

खोकं सामानाच्या खोलीत गेलं. पुढे ऐतिहासिक नाटक लागलं, तेव्हा सेटवाल्याला सिंहासन जरा उंच हवं होतं. खोकं अगदी मापाचं निघालं. त्यावर लाल मखमल पडली, वर सिंहासन चढलं, आणि सिंहासनावर राजमाता होऊन मी. नाटक तुफान चाललं. खाली सील न तोडलेलं मशीन, वर मी न्यायनिवाडा करतेय.

काही वर्षांनी तपासणी आली. अधिकाऱ्याने विचारलं, मशीन वापरलेलं का नाही? कडक इस्त्रीने कपाळाला आठीसुद्धा पडू दिली नाही. म्हणाला, "आम्ही आणून दिलंय हो. पण आमचा माणूस जुन्या वळणाचा. ऐकतच नाही." गारठा तिथेच उभा होता, हातात पाना. सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं घरात चोर सापडल्यावर बघतात. त्याला प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं.

तिथून आला तो थेट रंगपटात. मी चेहऱ्याचा रंग पुसत होते.

"बाई, ती हवा नव्हती."

"कुठली हवा रे?"

"मी सोडायचो ती. धुरातला जो वायू जग तापवतो म्हणतात ना, त्याच्या दीड-दोन हजार किलोंनी जेवढं तापेल, तेवढं या गॅसच्या एका किलोने तापतं. आणि मी बाटल्याच्या बाटल्या सोडल्या. तुम्हाला आत वारा घातला, आणि बाहेर शेकोटी पेटवत बसलो."

"अरे, तू एकटा आहेस का? कारखाने आहेत, विमानं आहेत, गाड्या आहेत..."

"शिकवणारा माणूस चांगला होता. तोही तेच म्हणाला, जबाबदारी सगळ्यांची आहे." तो हसला, पण तोंड कडू करून. "सगळ्यांची म्हणजे काय होतं ते मला ठाऊक आहे, बाई. आमच्या चाळीचा जिनाही सगळ्यांनीच झाडायचा असतो."

त्यानंतर तो हट्टालाच पेटला. खोकं उघडल्याशिवाय एसीला हात लावणार नाही म्हणाला. भर उन्हाळ्यात दुपारचा प्रयोग रद्द झाला. कडक इस्त्रीने बाहेरचा मेकॅनिक बोलावला. त्याने दहा मिनिटांत काम उरकलं. गारठ्याला वेळेआधीच घरी बसवलं, निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. आणि पुढच्याच वर्षी नाट्यगृहाच्या दारावर पितळी पाटी लागली: पर्यावरणाची काळजी घेणारी वास्तू. ती पाटी कडक इस्त्री स्वतःच्या रुमालाने पुसायचा.

घरी गारठ्याने एसी लावू दिला नाही. उन्हाळे मात्र वाढत गेले. पूर्वी चार-सहा दिवस भाजायचं, आता भिंती रात्रीसुद्धा निवत नाहीत. वहिनीचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, खोली गार ठेवा, नाहीतर माझ्या औषधांचा काही भरवसा नाही. तरी हा ऐकेना. तेव्हा लेक कडाडली, "बाबा, पाप तुमचं आणि प्रायश्चित्त आईने घ्यायचं? हा कुठला न्याय?" दुसऱ्या दिवशी एसी आला. त्याने स्वतः बसवला आणि एकेका जोडाला साबणाचा फेस लावून बघितला. बुडबुडा नाही, गळती नाही. त्या दिवशी वहिनी आडवी होऊन झोपली.

आणि आता आपण पुन्हा त्या खोलीत आहोत. बाहेरच्या युनिटची कॉइल गंजली, गळती लागली. कालपासून एसी बंद. मी ओले टॉवेल घेऊन आले आहे. वहिनीच्या मानेवर टॉवेल ठेवला की तो हातात गरमच परत येतो. तिला जिना उतरवता येत नाही, आणि दवाखान्यात उन्हाने पडलेल्यांच्या खाटा व्हरांड्यापर्यंत आल्या आहेत. कंपनीचा तरुण मेकॅनिक मघाशी आला, वॉल्व्हला पाना लावला, आणि गारठ्याने त्याचा हात धरला.

"सोडायचा नाही. ओढून घ्यायचं मशीन कुठंय?"

"काका, आमच्या सगळ्या सेंटरला एकच मशीन. पुढच्या आठवड्यात मिळेल." मग पलंगाकडे बघून तो हळूच म्हणाला, "गळती आतल्या बाजूला असती, तर गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडून काम केलं असतं. पण इथे गळकं तेच आहे."

गारठ्याने मला विचारलं, "बाई, ते खोकं अजून असेल का हो?"

मी नाट्यगृहात फोन लावला. आताचा मॅनेजर माझे पोवाडे गाणारा, गोड गळ्याचा. म्हणाला, "आहे ना, बाई! सीलसुद्धा शाबूत आहे. पण देता नाही यायचं. परवा तपासणी आहे, ते जागेवर दिसायला हवं."

मी जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसात गारठा पहिल्यांदा हसला. खो खो हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पलंगावर वहिनी तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती. तिच्या ओठांचा रंग मला मुळीच आवडला नाही. त्यालाही दिसला असणार. तो उठला, बाल्कनीत गेला, मेकॅनिकच्या हातातून पाना काढून घेतला.

"काका, मी सोडतो ना. तुम्ही कशाला?"

"तू हो बाजूला. तुझ्या डोक्यावर कशाला? माझ्या डोक्यावर आहेच, त्यात एवढी भर."

आणि त्याने वॉल्व्ह उघडला. तोच आवाज, फुस्स, लांबलचक. वॉल्व्हवर पांढरं हिव धरलं, त्याच्या बोटांनाही लागलं असेल, पण त्याने हात काढला नाही. बाहेर रस्त्यावर डांबर चकाकत होतं.

आवाजाने वहिनीने डोळे उघडले. "अहो, कसला आवाज येतोय?"

तो आमच्याकडे पाठ करूनच उभा होता.

"काही नाही गं. हवा आहे."