तुलनेच्या शाळेतली पाण्याची रांग

संस्थेचा तीन वर्षांचा अहवाल गुळगुळीत कागदावर छापला आहे. बत्तीस पानं, त्यांपैकी अकरा पानांवर हसणारी मुलं. त्यात पाणीमावशींचं नाव कुणी शोधू नये, कारण त्यांच्या शाळेचंच नाव नाही. एकोणतिसाव्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ आहे: 'एक शाळा अपवादात्मक कारणामुळे अभ्यासातून वगळली आहे.' ते अपवादात्मक कारण जिन्याखाली स्टुलावर बसतं आणि तासाला घंटा देतं.

मावशी शाळेत आल्या त्या नवऱ्याच्या जागेवर. तो तिथे शिपाई होता. तो अचानक गेला आणि बत्तिसाव्या वर्षी मावशींच्या हातात झाडू, घंटा आणि हजेरीची वही आली. "माझं शिक्षण काय विचारता," त्या मला म्हणाल्या होत्या, "तिसरी पास, आणि मग धाकट्या भावाला कडेवर घेण्यात पदवी." सहीपुरतं येत होतं. बाकी अक्षरं ओळखीच्या पण नाव न आठवणाऱ्या माणसांसारखी झाली होती.

कामात एक काम टाकीचं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून पिण्याच्या पाण्याची लांबलचक सिमेंटची टाकी आहे, बाहेरून काळा रंग दिलेली. तिला सहा नळ. दर आठवड्याला ती धुवायची आणि धुतल्याची तारीख खडूने टाकीवरच लिहायची, असा आरोग्य खात्याचा नियम. मावशी कागदावरून गिरवून लिहायच्या: 'टाकी धुतली.' एकदा धुताना आत बेडूक सापडला. नियम म्हणजे नियम, म्हणून त्यांनी तेही लिहिलं: 'बेडूक निघाला.'

मधल्या सुट्टीत रांगेतल्या एका मुलीने वाचलं आणि विचारलं, "मग तो गेला कुठे?"

"उद्या लिहिते," मावशी म्हणाल्या. सुचेना म्हणून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टाकीवर होतं: 'बेडूक जिन्याखाली बसला आहे. रागावला आहे.' तेव्हापासून चोवीस वर्षं तो बेडूक त्या शाळेत आहे. तो मुख्याध्यापकांकडे दाखला मागून आला, परीक्षेत पाठीमागच्याचं पाहून नापास झाला, आणि वजन कमी करायचं म्हणून त्याने आठवडाभर माशा सोडल्या.

हे सगळं चाललं ते सहांपैकी चार नळ बंद होते म्हणून. दोनशे चाळीस मुलं, दोन नळ, वीस मिनिटांची सुट्टी. रांग टाकीच्या कडेकडेने जाऊन फाटकापर्यंत वळायची, आणि उभ्या माणसाला समोर वाचायला काही असलं की तो वाचतो. पुढची मुलं मागच्यांना ओरडून सांगायची. कुणी चुकलं की सगळी रांग त्याच्या अंगावर जायची. मावशींचं लिहिताना चुकलं तर विचारूच नका.

"मावशी, चुकलीस! चुकलीस!"

"मग तू लिही शहाण्या. घे खडू."

आणि तो शहाणा लिहायचा.

आता संस्था. कार्यक्रमाचं नाव 'समान संधी'. शहरातल्या चाळीस शाळा निवडल्या. वीस शाळांना पुस्तकं, रंगीत चटया, शिक्षकांना प्रशिक्षण. उरलेल्या वीस 'तुलनेच्या शाळा'. त्यांना तीन वर्षं काहीही द्यायचं नाही, फक्त वर्षातून दोनदा जाऊन मुलांची वाचनाची चाचणी घ्यायची. ती चाचणी घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी संस्थेच्या कार्यक्रमप्रमुख मॅडमना विचारलं, हे कसं?

"आजी, काही न दिल्याने काय होतं हे कळल्याशिवाय दिल्याने काय झालं ते सिद्ध कसं करणार?"

समानतेच्या नावाने निम्म्या पोरांना ठरवून उपाशी ठेवायचं, आणि वर त्यांना जाऊन विचारायचं, भूक किती लागली. माझ्या मिशनरी शाळेतल्या सिस्टर वेताची छडी वापरत, पण तिला त्या छडीच म्हणत.

तरी मी काम सोडलं नाही. यजमान गेल्यावर दिवस मोठे झाले होते, आणि घड्याळ लावून मुलांचे मिनिटाला किती शब्द होतात ते मोजणं मला नीट जमत होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी असं निघालं की तुलनेच्या यादीतली मावशींची शाळा चटया मिळालेल्या वीसही शाळांच्या पुढे आहे, मिनिटाला एकोणीस शब्दांनी. मी चाचणीच्या कागदामागे कारण लिहिलं: टाकी, रांग, बेडूक, दिवस आणि वेळेसकट. कुणी विचारलं नव्हतं. नोंद अपुरी ठेवायची नाही या सवयीपायी मी त्या बाईंना पकडून दिलं.

मॅडमनी मला कार्यालयात बोलावलं. तिथे बसायला खुर्च्या नाहीत, जमिनीवर फुगलेल्या पिशव्या आहेत. त्यात बसलं की माझ्या वयाच्या माणसाला दोघांनी ओढून काढावं लागतं. भिंतीवर तरुण मुलांनी 'माझं स्वप्न' अशा रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

"हे प्रदूषण आहे," मॅडम माझा कागद हलवत म्हणाल्या.

"कसलं?"

"आकड्यांचं. तुलनेच्या शाळेत काहीतरी घडतंय!"

शाळेत काहीतरी घडतंय म्हणून हवालदिल झालेली शिक्षणसंस्था मी तेव्हा प्रथम पाहिली.

दोन दिवसांनी त्या मला घेऊन शाळेत गेल्या. मुख्याध्यापक टाकीपाशी उभे होते, रुमालाने मान पुसत. तिसऱ्या वर्षानंतर तुलनेच्या शाळांनाही वाचनालय देऊ, असं संस्थेने त्यांना तोंडी सांगितलेलं होतं.

"मावशी," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही फारच सुंदर काम करताय. फक्त पुढच्या मार्चपर्यंत नका करू."

"काय नको करू?"

"हे लिहिणं."

"टाकी धुतली की लिहावंच लागतं, मॅडम. नियम आहे."

"तारीख लिहा ना. बेडूक कशाला?"

"निघाला तर?"

मुख्याध्यापक खोकले. "त्याचं असं आहे, मॅडम, आरोग्य निरीक्षकांनी आमच्या टाकीच्या नोंदींबद्दल लेखी समाधान व्यक्त केलंय. इतक्या तपशीलवार नोंदी त्यांनी कुठेच पाहिल्या नाहीत. आता एकदम कमी केल्या तर ते विचारतील."

आरोग्य खात्याची भीती संस्थेच्या वाचनालयाच्या लोभाला नडली. मॅडम रांगेकडे बघत राहिल्या. मग नळांकडे.

त्या गाडीकडे गेल्यावर मावशींनी मला थांबवलं. माझ्या त्या कागदाबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रागावल्या नाहीत, ते मला जास्त लागलं.

"ताई, मी ह्या रांगेकडून वाचायला शिकले. पोरं हसली, पण तिसरीतल्या पोरांच्या हसण्याचं काय वाटून घ्यायचं? वर्गात मागच्या बाकावरची चार-पाच असतात बघा, ती बाईंसमोर तोंड उघडत नाहीत. इथे उघडतात. तहान लागते म्हणून येतात आणि वाचून जातात. रांग गेली तर ती पोरं मग कुठेच वाचायची नाहीत."

"लेखन तर त्यांनी बंद केलं नाही," मी म्हटलं.

"त्या बाई नळ मोजत होत्या," मावशी म्हणाल्या.

बरोबर मोजले होते. आठ वर्षं मुख्याध्यापक त्या चार नळांसाठी अर्ज करत होते. फाईल मी पाहिली आहे, तिला दोरी पुरत नाही. संस्थेच्या नियमाप्रमाणे तुलनेच्या शाळेला वाचनाची मदत करता येत नव्हती. पण पाणी म्हणजे वाचन नव्हे. सोमवारी दोन प्लंबर आले, बुधवारी सहाही नळ धो धो वाहू लागले. गुरुवारी गळ्यात पट्टे घातलेले संस्थेचे 'युवा नेते' आले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकेका लहान मुलाला ओंजळीने पाणी प्यायला लावून फोटो काढले, आणि कुणी चुकून तसाच प्यायला तर पुन्हा प्यायला लावलं. एक पोर चार वेळा पाणी प्यायलं.

शुक्रवारी मी मुद्दाम मधल्या सुट्टीत गेले. साडेपाच मिनिटांत दोनशे चाळीस मुलं पाणी पिऊन पांगली. टाकीवर लिहिलेलं होतं: 'बेडूक दातांच्या डॉक्टरकडे गेला आहे. डॉक्टर म्हणाले, आ कर.' कुणी मान वर केली नाही. फाटकाजवळ हाणामारी चालली होती, उरलेल्या साडेचौदा मिनिटांचं दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"तीन दिवस आ करून बसलाय बिचारा," मावशी म्हणाल्या. "पुढे काय झालं म्हणून एकानेही विचारलं नाही."

मी शहाणपणाने म्हटलं, "पण मावशी, पोरांना पाणी वेळेवर मिळतंय, हे चांगलंच ना?"

"कधी मिळत नव्हतं? चोवीस वर्षांत कोण तहानेने पडलं ते सांगा." मग स्वतःशीच म्हणाल्या, "चांगलंच आहे. वाईट कुठे म्हणते मी."

पुढे पावसाळी परीक्षा, सुट्ट्या, आणि माझा गुडघा, यांत कितीतरी महिने माझं तिकडे जाणं झालं नाही; मधली चाचणीही दुसऱ्याच कुणी घेतली. मार्चमध्ये शेवटच्या चाचणीला गेले तेव्हा मधली सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. फाटकातून आत शिरताच एका मुलाने मला अडवलं.

"आजी, रांगेत या. मध्ये घुसायचं नाही."

रांग फाटकापर्यंत आली होती. मी कडेने पुढे गेले. सहांपैकी दोन नळ वाहत होते. चार कोरडे. मावशी टाकीशेजारी हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या, आणि समोर मुख्याध्यापक.

"हे कधीपासून?" ते विचारत होते.

"झाले की दिवस."

"मावशी, आज त्या मॅडम यायच्या आहेत. दुपारी. नळ वाहताना दिसायला हवेत, मी शब्द दिलाय त्यांना. वाचनालय अडकेल आपलं."

"पाणी येत नाही साहेब त्या चौघांना."

"का येत नाही?"

मुख्याध्यापक खाली वाकले. नळांच्या खाली, ओल्या भिंतीला, प्लंबरने बसवलेली नवी चावी होती. चार नळांचं पाणी तीच अडवते. ती घट्ट पिळून बंद केलेली होती, आणि वर चिंधी बांधलेली. मुख्याध्यापकांनी चिंधी सोडली. वर बघून म्हणाले, "नोकरीचं एक वर्ष राहिलंय तुमचं. एक."

"हो."

"मी हे वर कळवलं तर?"

"कळवा ना," मावशी म्हणाल्या. "लिहून देऊ का? मला आता येतं लिहिता."

मुख्याध्यापकांनी चावीवर हात ठेवला. मी बोलायला हवं होतं. मी पिशवीतले चाचणीचे कागद सारखे करत राहिले. तेवढ्यात त्यांच्या मागे रांगेत उभा असलेला, मागच्या बाकावरचाच वाटावा असा एक किरकोळ मुलगा मान वाकडी करकरून कंटाळला.

"सर, डोकं बाजूला घ्या ना. दिसत नाहीये."

"काय?"

"बेडूक. तुमच्या डोक्यामागे आहे. 'डॉक्टरने त्याचा' इथपर्यंत आलं मला, पुढचं झाकलंय तुम्ही."

मागून दहा-बारा आवाज आले. "सर, बाजूला! सर!"

मुख्याध्यापक वाकलेलेच मागे वळले आणि त्यांनी ती ओळ पाहिली. मग सबंध टाकीवरचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओठ हलवत वाचलं. वाचायला वेळ लागला. चावीवरचा हात कधी निघाला ते त्यांना कळलं नसावं. उठताना गुडघे वाजले. चिंधी त्यांनी मावशींच्या हातात दिली.

"नीट बांधा," ते म्हणाले, "लगेच दिसतंय," आणि मुलाच्या समोरून बाजूला झाले.