विहीणबाईंचा सवाल

आमच्या विहीणबाईंनी सभेत टाळी वाजवलेली पाहणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांनी चुकवलेली सभाही सापडणार नाही. पक्ष कुठलाही असो, बाई पहिल्या रांगेत. आहेराच्या लुगड्याचा पोत चिमटीत धरून पाहावा, तसं त्या भाषण ऐकायच्या आणि शेवटी उभ्या राहून एकच विचारायच्या, "मंग सोयाबीनला भाव काय देता?" त्या दिसल्या की पुढारी आभार आधीच मानून मोकळे व्हायचे.

मला मात्र टाळ्यांची भारी हौस. त्यात ते दिवस वाईट. सोयाबीन मातीमोल, जिनिंग बंद, शिकलेली पोरं पारावर बसून. पोटात आग पडली की दोष द्यायला माणसाला कुणीतरी हवंच असतं. एका नव्या पक्षाने हे बरोबर हेरलं. ताडकळसच्या बाजारादिवशीच सभा घेतली आणि वक्त्याने समोर बांगड्या मांडून बसलेल्या मनियारचाचांकडे बोट केलं.

"तुमची भाकर यांनी पळवली! पुढच्या बाजाराला हे इथं दिसता कामा नयेत!"

मी अशी टाळी हाणली, की हातातल्या काचेच्या बांगड्या फुटून विहीणबाईंच्या पदरात पडल्या. चाळिशी उलटलेली, पण अक्कल अजून पाळण्यात! नातींना हे सांगते तेव्हा त्या हसून लोळतात.

विहीणबाई उठल्या. "सायेब, ह्येंना उठवल्यावर सोयाबीनला भाव किती वाढंल?"

"मावशी, ते नंतर बोलू."

"बरं. मंग तवर आमच्या विहिणीनं भुंड्या हातानं फिरायचं का? सवाशीण हाय ती!"

आणि भर सभेतून मला ओढत नेऊन त्यांनी चाचांपुढे बसवलं. ते बिचारे घाईघाईने दुकान आवरत होते. "चाचा, कुटं निघालाव? भरा बांगड्या." चाचांनी माझा हात धरला. मागे हशा पिकला. मग एकेक बाई सभेतून उठली आणि हात पुढे करून रांगेला बसली.

निवडणूक तो पक्ष जिंकला, खोटं कशाला सांगू? पण पुढच्या बाजाराला चाचा यायच्या आधीच बायका त्यांची जागा धरून बसल्या होत्या. चाचा आजही तिथंच बसतात.

विहीणबाईंना आता ऐकू येत नाही. सभेला मी जाते, त्यांचा सवाल मीच विचारते. परत आले की त्या भाषणाचं काही विचारत नाहीत. माझा हात मांडीवर घेतात, एकेक बांगडी चाचपतात.

"शाबूत हायेत," म्हणतात. आणि हात मात्र सोडत नाहीत.