म्हशीपुढचं करडू

काल नातीनं मला टीव्हीवर एक सिनेमा दाखवला. शेतावरचं वेंधळं बदक, कोणाला नको असलेलं. शेवटी ते कोल्ह्याला पळवून लावतं आणि सगळे त्याला डोक्यावर घेतात.

"आजी, तुला कसं गं रडू येत नाही?" नात डोळे पुसत म्हणाली.

"बदकानं कोल्हा पळवला होय? येडी कुठली!" मी म्हटलं.

आमच्याकडे एक करडू होतं. पाय जन्मापासून वाकडा, आई मेलेली. सासरे म्हणाले, "बाजारच्या दिवशी खाटकाला देऊन टाकू." त्याच आठवड्यात म्हशीचं रेडकू दगावलं. म्हैस पान्हा सोडेना, कासेला हात लावला की लाथ झाडायची. एका सकाळी मी धारेला बसले, तर करडू लंगडत तिच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं. तिनं हुंगलं, मग चाटायला लागली आणि दूध उतरलं.

सासरे दारातूनच म्हणाले, "सूनबाई, त्याला हलवू नकोस."

खाटकाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. करडानं पराक्रम काहीच केला नव्हता, नुसतं चाटून घेतलं होतं. आपल्याला जागा मिळते ती आपल्या गुणांमुळे, असं आपण उगाच समजतो. मी या घरात आले तेव्हा मला भाकरीसुद्धा थापता येत नव्हती. पण त्याच वर्षी सासूबाईंची लेक गेली होती. त्या रोज मला पुढ्यात बसवून वेणी घालायच्या. फार ओढून घालायच्या, दुखायचं. मी हलत नसे.