सुमनताईंची शंका

संगणक बिघडला म्हणून कुणी बोलावलं की बाई येऊन समोर उभ्या राहायच्या आणि आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. पडद्यावर जे काही लिहिलेलं असेल ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायच्या. मग हात सोडवून एकच बटण दाबायच्या. आपण काय करतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. सूचना दिसली की ‘ओके’वर बोट, आणि मग काय झालं म्हणून शेजाऱ्याला हाका. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “पहले वाचा, मग दाबा.”

उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एका कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या. मी अकोल्याहून तिथं अर्थशास्त्र शिकवायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात प्रिंटर बंद पडला म्हणून त्यांना बोलावून आणलं. त्यांनी हात बांधले, वाचलं आणि हळूच विचारलं, “सर, इथं लिहिलंय की कागद संपला. कागद घातला का?”

मी घातला नव्हता. “होऊन जातं असं,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. हसल्या नाहीत, स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलंही नाही. तेव्हापासून मला या बाईंबद्दल कुतूहल वाटू लागलं. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आणि पर्समध्ये रुमालाशेजारी स्क्रूड्रायव्हर. घराणं उज्जैनचं जुनं. “आमच्या लोकांनी चार पिढ्या दरबाराचं दफ्तर सांभाळलं. मी पुस्तकं सांभाळते. धंदा एकच आहे,” असं सांगायच्या.

टावर चौकात उभ्यानं पोहे खाता खाता त्यांची मतं ऐकायला मजा यायची. “फॉरवर्ड पाठवणं म्हणजे उष्टं वाढणं, सर. कुणाच्या ताटातलं ते माहीत नाही, आणि आपण पुढच्याच्या ताटात टाकून मोकळे.” मोबाइलवरच्या ग्रुपांवर त्यांचा विशेष राग. “कबाड्याचं दुकान आहे ते. चांगली पुस्तकंपण असतात त्याच्यात. पण पाहिजे तेव्हा काढून दाखवा बरं.” मी मुद्दाम वाद घालायचो की लोकांना आवडतं तेच चालणार, बाजाराचा नियम आहे. त्या शांतपणे म्हणायच्या, “मग प्रिंटरमध्ये कागद आहे का तेपण बाजारालाच विचारा.”

ग्रुपला पर्याय म्हणून त्यांनी ‘फळा’ नावाची साइट काढली, उज्जैनच्या आणि उज्जैन सोडून गेलेल्या मराठी माणसांसाठी. संगणकातलं काही अडलं तर तिथं सगळ्यांदेखत विचारायचं आणि उत्तरही सगळ्यांदेखत द्यायचं. त्या ते विषयवार लावून ठेवायच्या, म्हणजे पुढच्याला सापडेल. सभासद भराभर झाले, पण विचारेना कुणी. पंगतीत पहिला घास कुणी घ्यायचा म्हणून सगळे थांबतात, तसं झालं.

आणि मग फळ्यावर नानाखेडा भागातल्या सुमनताई आल्या.

त्यांची पहिली शंका होती: “माऊसला दुसरं बटण कशासाठी असतं? मी आजवर भीतीनं दाबलंच नाही.” मी तीन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, “ईमेल पाठवला की तो आपल्याकडेही राहतो, की जातोच?” आता लोकांना धीर आला. एका निवृत्त इंजिनिअरनं ‘ळ’ कुठल्या बटणावर आहे ते विचारलं, आणि मग फळा भरू लागला. सुमनताई मात्र माझ्याच. बायको जेवायला हाक मारायची, मी म्हणायचो, “थांब, सुमनताईंची शंका आलीये.”

“मी वर्षभर विचारतेय गॅस मोबाइलवरून कसा बुक करतात, तिथं तोंड उघडत नाही तुमचं.”

संक्रांत आली तशी तिनं फर्मान काढलं की या सुमनताईंना हळदीकुंकवाला बोलवा, मला पाहायच्याच आहेत. मी ग्रंथालयात जाऊन पत्ता मागितला. “त्या फारशा बाहेर निघत नाहीत,” बाई पुस्तकावर शिक्का मारत म्हणाल्या. “वाण असेल तर द्या, मी पोचवून देते.” बायकोनं तिळगूळ आणि स्वतः विणलेला निळ्या काठाचा क्रोशाचा रुमाल दिला. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर सुमनताईंचे आभार आले.

दोनेक महिन्यांनी काही कामानं मी पहिल्यांदाच ग्रंथपालबाईंच्या घरी गेलो. बैठकीत संगणक होता आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून निळ्या काठाचा क्रोशाचा रुमाल घातलेला होता.

मी रुमालाकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. “बसा, सर. चहा टाकते.”

“सुमनताई कुठं राहतात?”

“इथंच.”

मला राग आला, हे कबूल करतो. दीड वर्ष मी कुणाला माऊस शिकवत होतो? त्यांनी चहा ठेवला आणि खुर्चीत बसून खाली बघत सांगितलं. ग्रंथालयात संगणक नवा आला तेव्हा पाच जणांनी मिळून सहा महिने पुस्तकांची यादी त्यात भरली होती. एका दुपारी पडद्यावर इंग्रजीत काही प्रश्न आला. त्यांना नीट कळला नाही. शेजारी दोघं बसले होते, पण विचारायची शर्म वाटली. त्यांनी ‘हो’ दाबलं आणि सगळी यादी पुसली गेली.

“कोणी रागावलं नाही, सर. सगळे परत पहिल्या पुस्तकापासून सुरू झाले. मला ते जास्त लागलं.” मग म्हणाल्या, “त्या दिवशी शेजारच्यानं माझ्याआधी एक बेवकूफीचा प्रश्न विचारला असता ना, तर मीपण विचारलं असतं. तो कोणीतरी पाहिजे असतो.”

आठवडाभर मी फळ्याकडे फिरकलो नाही. मग सुमनताईंनी विचारलं, “आमचे सर बरे आहेत ना?” आणि माझा राग तिथंच संपला. गुपित मी बायकोलाही सांगितलं नाही.

पुढे प्रश्नांना उत्तरं देणारं ते एआयचं यंत्र आलं, तेव्हा आमच्यात सर्वात आधी त्यांनीच ते वापरलं. लहान मुलासारख्या खूश होत्या. “हुशार आहे, थकत नाही. त्याला विचारायची शर्म वाटत नाही, हे तर फारच छान.” पण फळ्यावरच्या शंका आटत गेल्या, तशा एकदा म्हणाल्या, “तुम्ही त्याला काय विचारलं ते मला कळतच नाही, सर. मग मला वाटतं, न येणारी मी एकटीच.”

मागच्या वर्षी त्या आजारी पडल्या. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी उशीखालून चिठ्ठी काढून दिली. तिच्यात दोन पासवर्ड होते, एक फळ्याचा आणि एक सुमनताईंचा. “सुमनताईंना गप्प बसू देऊ नका,” एवढंच म्हणाल्या. महिन्याभरात त्या गेल्या. फळ्यावर मी बातमी दिली, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि त्यानंतर दोन महिने तिथं एक अक्षर उमटलं नाही.

एका दुपारी मी सुमनताई होऊन आत शिरलो. वेडगळशी शंका रचायला बसलो, आणि रचायची गरजच पडली नाही. बाईंचा एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, तो मला फळ्यावर लावायचा होता आणि कसा लावतात ते मला येत नव्हतं. इतकी वर्षं असली कामं माझा मुलगा करून द्यायचा. माझ्या नावानं विचारायची लाज वाटत होती, कारण फळ्यावर मी सर होतो. सुमनताईंनी विचारलं.

सकाळी उत्तर आलं होतं, देवासच्या कुणा अनोळखी बाईंचं. “सुमनताई, बरेच दिवस दिसला नाहीत. काळजी वाटत होती. बऱ्या आहात ना? फोटोचं मलाही येत नव्हतं, परवाच पुतणीकडून शिकले. खाली लिहिते.”

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. मग लिहिलं, “बरी आहे.”