धुंवरकार

सगळ्या ट्रक ड्रायव्हरांना भाऊ एकच गोष्ट सांगत असे, "पुराय दाब." आमचे वेगळे राज्य झाल्यानंतर काही वर्षांनी माझ्या या थोरल्या भावाने डिचोलीत डिझेल गाड्यांचा धूर मोजायचे केंद्र काढले. सायलेन्सरमध्ये नळी घातली की ड्रायव्हर ऍक्सिलरेटर अर्धाच दाबत, म्हणजे धूर कमी दिसे. भाऊ इंजिनाच्या आवाजावरून ते ओळखी. कोकणीत धुराला धुंवर म्हणतात. लोकांनी त्याचे नावच धुंवरकार पाडले.

आम्ही दोघे बहीण-भाऊ पेडण्याला राहत होतो. दुपारी तो डिचोलीतच, धाकट्या भावाकडे, अंताकडे जेवायचा. आई तिथे असे. घर खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून, आणि आईला दमा. जेवायला बसण्याआधी भाऊ रस्त्याकडची खिडकी लावी आणि निघताना, तिला उकडू नये म्हणून, पुन्हा उघडी.

मराठी-कोकणीच्या वादात गावे दुभंगली, तेव्हाही माझे दोन्ही भाऊ एका पंगतीला जेवले होते. फाटले ते धुरावरून. अंताचा ट्रक तपासणीत नापास झाला. पावसाळा संपताच खाणी सुरू होणार होत्या, तपासणीच्या कागदाशिवाय ट्रक कामाला लागला नसता. अंताने आधी विनवले, मग भाऊपणाची आठवण करून दिली. भाऊ एवढेच म्हणाला, "अंता, आवय ह्याच रस्त्यार रवता. नोझल बदल, मगे कागद घे."

अंताने दुसरीकडून कागद आणला आणि भाऊला जेवायला येऊ नको म्हणून सांगितले. त्या चवथीला तो पेडण्याच्या घरी गणपतीलाही आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आईचा दमा उसळला. तिने भाऊला बोलावून घेतले. भाऊ गेला, अंताला एका शब्दाने दोष दिला नाही, आईला उचलून गाडीत बसवले आणि पेडण्याला आणले. ती आमच्याकडेच वारली. अंताने ट्रक दुरुस्त करून घेतला, पण तोवर तिला त्याचा उपयोग उरला नव्हता. दोघा भावांमध्ये कामापुरते बोलणे सुरू झाले, तेवढेच.

पुढे भाऊ वारला तेव्हा अंता दिवसकार्य होईपर्यंत आमच्याकडे राहिला. शेवटच्या संध्याकाळी ओसरीवर माझ्याजवळ बसून म्हणाला,

"सगळ्यांनी माका कागद दिले गे. माका 'ना' म्हणपी आतां कोणूच उरूंक ना."