मेव्हणीच्या रेघा

माझ्या धाकट्या मेव्हणीइतकं संशयी माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडायचं नाही. मांडवीला आमच्या माडीवर बसून ती लॅपटॉपवर कॅन्सरचा अभ्यास करते. पेशीतली जनुकं म्हणे टोळ्यांनी काम करतात. कुठल्या कॅन्सरात कुठली टोळी जोरात होती आणि ते रुग्ण पुढे किती जगले, याचा मेळ ती देशोदेशींच्या नोंदींवरून लावते. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या अनुभवावर तिचा काडीचा विश्वास नाही. शेजारच्या काकांनी आवळ्याच्या रसाने गुडघा बरा झाल्याचं सांगितलं, तर ही विचारणार, "आणखी कितीजणांचा झाला?" कोळणीने सुरमई ताजी म्हटली, की ही टोपलीतल्या पाचही सुरमयांचे कल्ले उचलून बघणार. "घ्यायची तर घे, नायतर बाजूला हो गो," हे मुकाट ऐकून घेते, पण पाचवी सोडत नाही. सासूबाईंनी एक स्थळ आणलं, मुलगा स्वभावाने शांत. "त्याला रागावलेला कोणी पाहिलाय का?" एवढंच विचारून हिने ते परत पाठवलं.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या, म्हणजे हिच्या ताईच्या, स्तनात गाठ निघाली. तपासणीत कॅन्सर ठरला. मी तडक माडीवर गेलो.

"तुझ्याकडे हजारो जणांच्या नोंदी आहेत. हिचं काय होईल, सांग."

तिने लॅपटॉप मिटला. "भावोजी, त्यातून हजारांचं कळतं. ताईचं नाही कळत."

"अंदाजाने तरी?"

"नाही. आणि ताईपुढे हा विषय काढू नका."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मेव्हणी गणपतीपुळ्याला गेली आणि भर उन्हात अनवाणी डोंगराची प्रदक्षिणा करून तळपायांना फोड घेऊन परतली. मी पायांकडे बघितलं, तर म्हणाली, "चालणं चांगलं असतं."

काखेत काही पसरलेलं नाही, असा रिपोर्ट आला. मेव्हणीने तो चारदा वाचला, दवाखान्याच्या बाकावर बसली आणि डोळे पुसत हसत सुटली. बायको मात्र शांतपणे म्हणाली, "मला भूक लागल्ये."

आता बायकोची औषधं चालू आहेत, डॉक्टर समाधानी आहेत. परवा मेव्हणीला जेवायला बोलवायला वर गेलो, तर तिच्या लॅपटॉपवर एक रेघ जिन्यासारखी खाली उतरत होती; दिवसागणिक किती रुग्ण जगात उरले, ते दाखवणारी.

"यातल्या प्रत्येक पायरीला कुणीतरी गेलेलं असतं," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं मी नुसता उतार बघत होते, भावोजी."

खालून बायको आम्हा दोघांना हाका मारत होती. आम्ही लगेच खाली गेलो नाही. ती हाक आणखी एकदा ऐकायची होती.